ओढ्यातलं जोडवं

“अहो, माझं जोडवं गेलं.”

शालननं हे इतक्या हळू सांगितलं की मला आधी वाटलं, घशात माशाचा काटा अडकला. मी मान वर केली. आमचं बांबूचं मचाण ओढ्याच्या मधोमध होतं आणि त्याच्या कडेला बसून आम्ही तिघांनी पाय पाण्यात सोडले होते. शालननं उजवा पाय वर काढून धरला होता. अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याचा पांढरा वळ तेवढा राहिला होता.

“दुसऱ्या पायात आहे का बघ,” मी म्हणालो.

“दुसऱ्यातलं दुसऱ्यात आहे. हे चालत जाऊन तिकडं बसलं असेल होय?”

आमची मुलगी मृदुला हसली. शालन हसली नाही, आणि मीही हसलो नाही. माझं कारण वेगळं होतं.

हे थायलंडमधलं आहे, सहा वर्षांपूर्वीचं. मृदुला तिकडे च्यांग माई नावाच्या शहरात शाळेत गणित शिकवते. एप्रिलमध्ये तिला सुट्टी होती म्हणून तिनं आम्हा दोघांना महिनाभर बोलावून घेतलं. मी पाटबंधारे खात्यातला पाटकरी. तेहतीस वर्षं कालव्याची दारं उघडली आणि बंद केली, कुणाच्या रानात किती वाजता पाणी सुटायचं ते बघितलं. शालनला तासगावच्या पलीकडं फारसं कुठं नेलं नव्हतं. त्यात आदल्या वर्षी माझ्या काळजाला दोन स्प्रिंगा बसवल्या. तेव्हापासून ती माझ्याकडं चुलीवरच्या दुधाकडं बघतात तशी बघायची.

तो आमचा तिथला नववा दिवस. मृदुलानं गाडी काढून आम्हाला तासभर डोंगरात नेलं. एक ओढा आणि त्याच्या काठानं एकाखाली एक अशी सात हॉटेलं. तिथले लोक उन्हाळ्यात वाळूची पोती रचून ओढा अडवतात, गुडघाभर पाणी करतात आणि त्या पाण्यातच मचाणं, टेबलं, खुर्च्या मांडतात. गिऱ्हाईक येतं, चपला काठावर काढतं, पाय पाण्यात सोडून जेवतं. मला बघूनच हसू आलं. आमच्या गावी कुणी ओढ्यात खुर्ची टाकून जेवायला बसला, तर लोक त्याच्या घरी निरोप पाठवतील.

सगळ्यात वरचं हॉटेल पा नोईचं. पा म्हणजे मावशी. साठीची, काटक बाई, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. नवरा वारल्यावर हॉटेल एकटीच चालवत होती. आम्ही पोचलो तेव्हा ती मातीच्या उखळीत कच्ची पपई, लसूण आणि मिरच्या कुटत होती. शालन पाच मिनिटं बघत उभी राहिली, मग तिला राहवेना.

“असं नव्हं. लसूण आधी. आणि मिरच्या काय मोजून टाकतीस?”

तिनं पा नोईच्या हातातला दांडा घेतला. पा नोईनं दिला, हे विशेष. शालन मराठीत बोलत होती, ती तिच्या भाषेत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. शालननं कुटलेलं खाऊन पा नोईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शालनच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना ओरडून काही सांगितलं.

“काय म्हणाली?” शालननं विचारलं.

“म्हणाली, ही बाई उद्यापासून कामावर येईल,” मृदुला म्हणाली.

जेवणात भाजलेला मासा होता, वरून मिठाचा जाड लेप दिलेला. मला मीठ बंद. शालन माझ्या वाट्याच्या माशाचं मिठाचं कातडं सोलून काढायची आणि टाकून कशाला द्यायचं म्हणून स्वतः खायची. त्या खाण्यातच तिचा हात थांबला आणि जोडवं गेल्याचं कळलं.

आता माझं कारण सांगतो. प्रवासात शालनचे पाय सुजले होते. जोडवं बोटात रुतत होतं. आदल्या संध्याकाळी मी मृदुलाकडची पक्कड घेऊन त्याचं तोंड थोडं फाकवून दिलं. सकाळी शालन म्हणाली, “आता सैल झालंय. तेवढं दाबून द्या.” मी दाढी करत होतो. हो म्हणालो. दाढी झाली, चहा झाला, गाडीत बसलो. दाबलं नाही.

म्हणजे जोडवं ओढ्यानं नेलं नव्हतं, मीच घालवलं होतं. हे मला माहीत होतं. शालनच्या ध्यानात आलं नसावं, असं मला वाटत होतं.

ती पाण्यात उतरली होती. साडी खोचून, वाकून, दोन्ही हातांनी वाळू चाचपत होती.

“आई, अगं आपण नवीन घेऊ. इथं चांदी फार छान मिळते,” मृदुला म्हणाली.

“चांदीचं नाही गं मला. आमच्या आत्याचं जोडवं विहिरीवर पडलं आणि तेराव्या दिवशी तिचा नवरा गेला.”

“तुझ्या आत्याचा नवरा ब्याऐंशी वर्षांचा होता,” मी म्हणालो.

“म्हणून काय झालं? चालता-बोलता होता.”

“शालन, वर ये. मला काय होत नाही.”

“गेल्या वर्षी पण असंच म्हणाला होता. जिन्यात पडेपर्यंत म्हणत होता.”

ती माझ्यासाठी घाबरली होती आणि भीती माझ्या विसराळूपणातून आली होती. मीही उतरलो. पण गुडघाभर पाण्यात, वाळू ढवळल्यावर गढूळ होणाऱ्या पाण्यात, एवढंसं जोडवं दिसणार कसं?

मृदुलानं पा नोईला सांगितलं. पा नोईनं पाण्याकडं बघितलं आणि बोटांनी पाच दाखवले. पाच वाजता गिऱ्हाइकं गेली की ती पाणी सोडते, तेव्हा शोधू, असं तिचं म्हणणं. तेव्हा दीड वाजला होता. शालन पाच वाजेपर्यंत वाकून उभी राहिली असती, एवढं मी तिला ओळखत होतो.

मी बांधाकडं गेलो. बघितल्यावर सगळं समजलं. मधली दोन पोती बाजूला घेतली की वीतभर पाणी पाच मिनिटांत उतरेल. जन्मभर हेच केलेलं. कुणाला न विचारता मी पहिलं पोतं ओढलं, मग दुसरं. पाण्यानं वाट धरली तसं तिसरं आपसूकच सरकलं.

“आण्णा! विचारायचं तरी!” मृदुला ओरडली.

“अगं, हे माझं काम आहे. उतरलं बघ पाणी.”

पाणी खरंच उतरत होतं. मला जरा अभिमानही वाटला. तेवढ्यात खालच्या वळणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. आधी बायकांचा, मग पुरुषांचा, मग सगळ्यांचा.

कालव्यावर एक नियम असतो, आधी शेवटच्या टोकाला कळवायचं, मग वरचं दार उघडायचं. तेहतीस वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवलं. एकदा एकानं विसरून वरून पाणी सोडलं तेव्हा त्याला चार लोकांत वाट्टेल ते बोललो होतो. माझ्या खाली सहा हॉटेलं होती. सहाही बांध काठोकाठ भरलेले, त्या दिवशी रविवार, आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या चपला ओढ्याच्या काठावर काढलेल्या.

थोड्या वेळानं वळणावरून एक जाडजूड माणूस येताना दिसला. कमरेपर्यंत भिजलेला. हातात लांब बांबू, बांबूला दहा-बारा चपला ओवलेल्या. तो खालच्या हॉटेलचा मालक, लुंग देंग. लुंग म्हणजे काका. त्याच्या मागं चपला हरवलेली माणसं अनवाणी, वाळूच्या चटक्यानं उड्या मारत येत होती.

“आता तू सांग त्याला,” मी मृदुलाला म्हणालो.

“काय सांगू?”

“सांग, माझा बाप पाटकरी आहे.”

“ते ऐकून तो आणखी चिडेल.”

मृदुलानं हात जोडले, मान लववली आणि बरंच बोलली. मीही हात जोडले. लुंग देंग कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग त्यानं शालनकडं बघितलं. एवढा गोंधळ झाला तरी ती वाकून वाळूच चाचपत होती. त्यानं काहीतरी विचारलं, मृदुलानं उत्तर दिलं. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि सगळी अनवाणी माणसं खो-खो हसली.

“काय झालं?”

“मी सांगितलं, हे हरवलं तर नवऱ्याच्या जिवाला धोका असतो असं आई मानते. ते म्हणतात, मग नवरा उभा काय राहिलाय? त्यानं सगळ्यांत जास्त शोधायला पाहिजे.”

मी लगेच वाकलो.

लुंग देंगनं चपलांचा बांबू काठावर रोवला आणि तोही वाकला. मग त्याच्या मागची माणसं उतरली. शेजारच्या मचाणावरचं एक कुटुंब जेवण सोडून आलं. वीस-बावीस माणसं एका रांगेत, पायांच्या बोटांनी वाळू उकरत ओढ्यातून सरकत होती. आमच्याकडं शाळू काढायला अशी पात धरतात. कुणाला काही लागलं की तो हात वर करायचा आणि सगळे ओरडायचे. पाच चमचे निघाले, ते पा नोईनं ताबडतोब ओळखले. एक लायटर निघाला. एकाला आपला दोन आठवड्यांपूर्वी हरवलेला चष्मा मिळाला. तो घालून तो आणखी जोरात शोधायला लागला. एक कवळी निघाली, वरच्या दातांची. लुंग देंगनं ती धुऊन आमच्या टेबलावर माशाशेजारी ठेवली आणि काहीतरी बोलला.

“म्हणतात, मासा आवडला नसेल म्हणून ठेवून गेला कुणीतरी,” मृदुलानं सांगितलं.

तेव्हा मात्र शालन हसली. पाण्यात उभी राहून, पदर तोंडाला लावून हसली. मला बरं वाटलं.

तासभर शोधलं. जोडवं सापडलं नाही. माणसं एकेक करून वर आली, चपला वाटून घेतल्या. एकाला दोन्ही डाव्याच आल्या, पण तो तशाच घालून गेला. मी आणि लुंग देंगनं मिळून पोती परत रचली. त्यानं मला पोतं आडवं कसं टाकायचं ते दाखवलं. मी त्याला दोन पोत्यांच्या सांध्यावर तिसरं कसं बसवायचं ते दाखवलं. शेवटी ते माझ्या पद्धतीनं रचलं गेलं, हे मला नमूद करायचं आहे.

शालन मचाणावर बसली होती. पा नोई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. कुठल्या बोटातलं गेलं ते बघत असावी. मग तिनं घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा काढला. थोडा वेळ ती तिथंच बघत राहिली. मग मृदुलाकडं वळून बोलायला लागली. खूप वेळ बोलली.

“काय म्हणती?” शालन म्हणाली.

“म्हणतात, पायाला सूज आहे. कधीपासून आहे?”

“तिला सांग, दोन विमानं बदलून आले. पाय लोंबकळत ठेवून सुजणारच.”

मृदुलानं सांगितलं. पा नोई पुन्हा बोलली.

“म्हणतात, त्याला नऊ दिवस झाले ना?”

“आमच्याकडची सूज आहे, सावकाश उतरते. सरकारी आहे म्हणावं, ह्यांच्यासारखी.”

आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं. पा नोई हसली नाही, पुन्हा मृदुलाशी बोलली.

“एवढं लांब बोलली ती, आणि तू एवढंसंच सांगितलंस?” मी विचारलं.

“थाई भाषाच लांब असते, आण्णा,” मृदुला म्हणाली.

मग पा नोई आत जाऊन मासे धरायची एक छोटी जाळी आणि पांढऱ्या सुताची गुंडी घेऊन आली. मृदुलानं आम्हाला समजावून सांगितलं. माणूस दचकला, घाबरला की जिवाचा एक तुकडा तिथंच मागं राहतो, असं ही माणसं मानतात. वडीलधारं माणूस तो परत बोलावतं आणि मनगटाला सूत बांधून धरून ठेवतं. पा नोई पाण्यात उतरली. शालन जिथं उभी होती तिथं तिनं तीनदा जाळी बुडवून वर काढली, आणि दर वेळी लेकराला जेवायला हाक मारावी तशा आवाजात हाक मारली. भाषा कळत नसूनही मला कळलं की ती “ये, घरी ये” म्हणत होती.

ती वर आली आणि शालनचं मनगट धरलं. शालननं हात मागं घेतला.

“मला नको. ह्यांना बांध.”

पा नोईनं मान हलवली आणि पुन्हा शालनकडं बोट केलं.

“मृदुले, सांग तिला. मला काय झालंय? दोन स्प्रिंगा ह्यांच्या छातीत आहेत. जोडवं गेलं ते ह्यांच्या नावाचं.”

“त्या म्हणतात दोघांनाही बांधते.”

“नको. वाटलं की निम्मं होतं. सगळं ह्यांनाच बांधू दे.”

“शालन, हे काय पाण्याची पाळी आहे का निम्मं व्हायला?” मी म्हणालो.

“तुम्ही गप बसा. हात पुढं करा.”

मी हात पुढं केला. पा नोईनं बराच वेळ शालनकडं बघितलं, मग माझ्या मनगटाला सूत बांधलं, पुटपुटत, गाठीवर गाठ मारत. शालन लक्ष देऊन गाठी मोजत होती. पाच झाल्यावर तिचा चेहरा निवळला. तिनं उरलेला मासा खाल्ला.

निघताना लुंग देंग परत आला. त्यानं बांबूची बारीक पट्टी काढून तिची कडी विणली होती. ती त्यानं शालनच्या हातात ठेवली आणि पायाकडं बोट दाखवलं. शालननं तिथंच बसून ती बोटात घातली. तासगावला येईपर्यंत ती बांबूचं जोडवं घालून होती. विमानतळावरच्या बाईनं वाकून बघितलं तर शालन म्हणाली, “चांदीचं घरी ठेवलंय.”

परतीच्या वाटेवर मृदुला गाडी चालवत होती. आम्ही मागं बसलो होतो. मला राहवेना.

“शालन, ते तोंड दाबायचं मी विसरलो होतो.”

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“तुम्ही पोती उपसायला लागला तेव्हापासून. चूक केल्याशिवाय तुम्ही एवढं काम करत नाही.”

“मग तिथंच बोलली का नाहीस?”

“बोलले असते आणि तुमच्या छातीत दुखलं असतं म्हणजे?”

तिनं माझ्या मनगटावरचं सूत जागेवर आहे का ते बघितलं आणि मान मागं टाकून झोपली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगलीला हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. जोडवं गेलं होतं, धोका नको. त्यांनी मला तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, सगळं उत्तम म्हणाले. मी बाहेर आलो तेव्हा शालन बाकावर पाय लांब करून बसली होती. घोटे तसेच होते. मी तिला म्हणालो, डॉक्टर म्हणतात आणखी वीस वर्षं बघायला नको. तिनं तिथंच कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. तेवढ्या आनंदात आम्ही बसस्टँडवर भेळ खाल्ली आणि घरी आलो.

दिवाळीत तिचा चेहरा सुजला तेव्हा तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं बरीच आधीपासून निकामी होत आली होती. पौषात ती गेली.

पुढच्या चैत्रात मृदुला आली. पा नोईनं नवीन बांध घालण्यासाठी खालच्या वळणावरची वाळू उपसली, त्यात जोडवं सापडलं. लुंग देंगच्या हद्दीत गेलं होतं, माझ्याच पाण्याबरोबर. तिनं ते केळीच्या पानात गुंडाळून, सुतानं बांधून मृदुलाकडं दिलं होतं. ते माझ्या हातात देताना मृदुला रडायला लागली. त्या दिवशी पा नोई जे लांब बोलली होती, ते मृदुलानं तेव्हा सांगितलं. पा नोईच्या नवऱ्याचे पाय शेवटच्या वर्षी असेच होते. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहायचा. मुलीनं आईला लगेच डॉक्टरला दाखवावं, असं ती म्हणाली होती. आई आधीच घाबरलीय, दोन दिवसांनी सांगू, असं मृदुलाला वाटलं. मग सुट्टी संपली आणि ते राहून गेलं.

मी तिला म्हणालो, “तू सांगितलं असतंस तरी तुझ्या आईनं ते विमानावर ढकललं असतं.” हे खरंही आहे. त्या दिवशी ओढ्यात बावीस माणसं वाकून जोडवं शोधत होती. पाय एकट्या पा नोईनं बघितला.

सूत माझ्या मनगटावर दोन वर्षं टिकलं. मग आंघोळ करताना तुटलं. डॉक्टर म्हणतात, स्प्रिंगा छान काम करतायत.

दुसरं जोडवं शालनबरोबर गेलं. हे कपाटात आहे, तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी. आमची घरची पक्कड खालच्या खणात आहे. सकाळी दाबून द्या म्हणाली होती. त्याचं तोंड अजून उघडंच आहे, मी दाबलेलं नाही.